बारशाला 'स्टेला' चालेल का?

"ताई, आम्ही म्युनिकला असतो. जानेवारीत आम्हाला मुलगी झाली. नाव स्टेला ठेवलं आणि इथे तशी नोंदही करून टाकली. माझं सासर मालवणजवळ. मे महिन्यात तिला घेऊन पहिल्यांदाच गावी जातोय, बारसंही तिथेच करायचं आहे. पण सासूबाईंना नाव पटलेलं नाही. त्यांनी पत्रिका करून घेतली, अक्षर 'ता' आलं, आणि तेव्हापासून त्यांनी 'तारा' धरून ठेवलंय. त्यांच्या आईचंही नाव तेच होतं. परवा फोनवर म्हणाल्या, 'ह्या कसला नाव गो? माझ्या तोंडात बसणा नाय.' आणि मग बराच वेळ गप्प राहिल्या. नवरा म्हणतो, होईल सवय, आता बदलायला नको. मला मात्र चैन पडत नाही. या नावाला नीट अर्थ तरी आहे का? फार कॉमन आहे का? की बदलूनच टाकू?"

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी अर्थाचं सांगते, कारण तो कळला की बाकीची निम्मी गाठ सुटेल.

स्टेला हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे तारा. आकाशातला तारा, दुसरं काही नाही. सासूबाईंना जे नाव हवं आहे नेमकं तेच तुम्ही ठेवलंय, आणि दोन्ही घरांना त्याचा पत्ता नाही! यात नुसता अर्थ जुळला असं नाही, शब्दही एकाच कुळातले आहेत. लॅटिनमधलं स्टेला, ग्रीकमधलं आस्टेर, तुमच्या म्युनिकमधलं श्टेर्न, इंग्रजीतलं स्टार, फारसीतून आपल्याकडे आलेलं सितारा आणि आपलं तारा ही सगळी सख्खी-चुलत भावंडं. ऋग्वेदात ताऱ्यांसाठी 'स्तृ' हा शब्द येतो. 'स्तृभिः' म्हणजे ताऱ्यांनी. त्याच वेदात सुरुवातीचा 'स्' नसलेलं रूपही सापडतं, आणि ते आपल्यापर्यंत तारा होऊन पोचलं. हे सासूबाईंना सांग, पण भाषाशास्त्राचा तास घेतल्यासारखं नको. चहाच्या वेळी, सहज सांग.

मला हा अर्थ पुस्तकातून कळला नाही. मी वेंगुर्ल्याला शाळेत होते तेव्हा शिवणाच्या बाई ख्रिस्ती होत्या आणि त्यांचं नाव स्टेलाच होतं. आम्ही मुली मागे त्यांना 'इस्टेलाबाय' म्हणायचो. त्यांची कात्री, दोऱ्याची रिळं आणि अंगुस्तान एका पांढऱ्या कापडाच्या पिशवीत असायचं. पिशवीच्या कोपऱ्यात, जिथे बाकीच्या बायका नावाचं आद्याक्षर काढायच्या, तिथे बाईंनी पिवळ्या दोऱ्याने चार टाके घातले होते. एक उभा, एक आडवा, दोन तिरपे. झाली चांदणी. मी विचारलं, बाई, नाव का नाही काढलं? त्या म्हणाल्या, "हेच माझं नाव." त्यानंतर नाताळात त्यांच्या वाडीतल्या घरांवर कागदी चांदण्या लागल्या की मला दरवर्षी वाटायचं, आज बाईंचं नाव सगळ्यांच्या दारात लावलंय.

म्हणून 'हे परकं नाव' असं कुणी म्हणालं की मला ते मनापासून पटत नाही. कोकणच्या किनाऱ्याला लॅटिन मुळाची नावं आणि शब्द नवे नाहीत. ते पोर्तुगीजांबरोबर आले. वसई १५३४ ते १७३९ पर्यंत त्यांच्या ताब्यात होती, चौल-रेवदंडाही होतं. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला पोर्तुगीजपासून घडलेली एक बोली आजही घरांत बोलली जाते. आपण कुलपाला लावतो ती चावी, उसळीबरोबर खातो तो पाव, महिन्याच्या शेवटी वाट बघतो तो पगार, हे सगळं मूळ लॅटिनचं, पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आलेलं. नाताळ हा शब्दही तसाच, लॅटिन 'नातालिस'वरून, म्हणजे जन्माचा. नातालिया हे मुलीचं नाव त्याच शब्दाचं. सासूबाई रोज सकाळी 'चावी खंय ठेवलंस' म्हणून विचारतात तेव्हा त्या लॅटिनच बोलत असतात. स्टेला त्यांना जड वाटतं ते उच्चारामुळे. त्याला उपाय आहे, तो पुढे सांगते.

या नावाला समुद्राचाही एक धागा आहे. ख्रिस्ती परंपरेत मेरीमातेला 'स्टेला मारिस' म्हणतात, म्हणजे समुद्राचा तारा, दर्यावर्दींना वाट दाखवणारा. तेच नाव ध्रुवताराही वागवतो. आता एक गंमत बघ. ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर दिसतो हे त्या गावाच्या अक्षांशावर ठरतं. मालवण १६ अंशांवर, म्युनिक ४८ अंशांवर. हात सरळ समोर धरून मूठ वळली की ती साधारण दहा अंश झाकते. म्हणजे मालवणात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दीड मूठ वर दिसतो, माडांच्या शेंड्यांत हरवतोच बऱ्याचदा. तुमच्या बाल्कनीतून तोच जवळजवळ पाच मुठी वर दिसेल. सासरे मासेमारीत होते की नाही हे तू लिहिलेलं नाहीस. असले तर त्यांना हे सांग, ते तुझ्याआधी मूठ उचलतील.

मुलीचं नाव म्हणून स्टेला इंग्रजीत रुळलं ते कवितेमुळे. फिलिप सिडनी या कवीने सोळाव्या शतकात आपल्या सुनीतांमधल्या, म्हणजे चौदा ओळींच्या कवितांमधल्या, नायिकेला हे नाव दिलं. ती सुनीतं १५९१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. पुढे गलिव्हरच्या सफरी लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टने एस्थर जॉन्सन या आपल्या मैत्रिणीला याच नावाने हाक मारली आणि नाव रुजलं. आपल्याकडे ज्यांचं नाव आदराने घ्यावं अशा एक बाई होऊन गेल्या, स्टेला क्रॅमरिश. ऑस्ट्रियात वाढल्या, १९२०च्या दशकात भारतात आल्या, कलकत्ता विद्यापीठात भारतीय कला शिकवली. हिंदू मंदिरांच्या रचनेवरचा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९४६ मध्ये निघाला, तो आजही अभ्यासक उघडतात. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. सासूबाई देवभोळ्या असतील तर त्यांना ही स्टेला जास्त जवळची वाटेल.

आता नाव कॉमन आहे का. अमेरिकेत १८८० पासूनच्या बाळांच्या नावांची सरकारी यादी आहे, दरवर्षी मे महिन्यात नवी निघते. तिथे स्टेला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला चांगलंच वर होतं. मग ते आजीबाईंचं नाव झालं आणि दिसेनासं झालं. गेल्या पंचवीसेक वर्षांत पुन्हा वर चढलं आणि आज पहिल्या शंभरात आहे. जर्मनीत अशी एकच सरकारी यादी नाही, जर्मन भाषेसाठी काम करणारी एक संस्था नोंदणी कार्यालयांकडून आकडे घेऊन दरवर्षी यादी काढते. तिथे एमिलिया, क्लारा, लूना अशी लॅटिन मुळाची नावं बरीच दिसतात. स्टेला ओळखीचं आहे, पण वर्गात चार-चार स्टेला असतील असं नाही. आणि 'लोकप्रिय' या शब्दाला फार घाबरू नकोस. अमेरिकेत २०२३ साली पहिल्या क्रमांकावर ऑलिव्हिया होतं. ते नाव सुमारे १५ हजार मुलींना मिळालं, आणि त्या वर्षी जन्मलेल्या मुली १७ लाखांच्या आसपास. शंभरात एकसुद्धा भरत नाही. आपल्या लहानपणी वर्गात तीन सुनीता आणि दोन वैशाली असायच्या, ते दिवस आता कुठेच राहिले नाहीत.

बेल्जियमची एक प्रसिद्ध बिअर या नावाची आहे, १९२६ मध्ये नाताळासाठी काढलेली. पोरगी मोठी झाल्यावर कुणी तरी तिला ते ऐकवेलच, तेव्हा घरात आधी माहीत असलेलं बरं. त्यापलीकडे त्याला महत्त्व नाही.

बदलू का, या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट आहे. कागदावर बदलू नकोस. जर्मनीत नोंदवलेलं नाव बदलायचं तर तसंच महत्त्वाचं कारण दाखवावं लागतं, आणि घरच्यांना दुसरं नाव आवडतं हे तिथे पुरेसं धरत नाहीत. शिवाय जन्मदाखला, पासपोर्ट, पुढे व्हिसा किंवा ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड), सगळीकडे नाव अक्षरशः एकसारखं लागतं. एका ओळखीच्या घरात मुलीच्या दोन कागदांवर एका 'ए'चा फरक पडला तर ते निस्तरायला दोन सुट्ट्या गेल्या. ती कटकट चार महिन्यांच्या पोरीमागे लावू नकोस.

पण 'होईल सवय' हे तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. सवय होईल, म्हणजे आजी नातीला नावाने हाक मारणंच टाळायला लागेल. 'बाय काय करता?' 'चेडू निजला?' असं चालेल वर्षानुवर्षं. मी अशी घरं पाहिली आहेत. नात दहा वर्षांची झाली तरी आजीच्या तोंडून तिचं नाव कधी निघालं नाही. तुला सासूबाईंच्या गप्प बसण्याने चैन पडत नाही ना? मग ते बरोबर आहे, त्या चैन न पडण्याचं ऐक.

आणि यातला अर्धा सल तुम्ही विचारलं नाहीत याचा आहे. आपल्याकडे नाव ठेवण्याचा मान आत्याचा. पाळण्यात घातलेल्या बाळाच्या कानात ती नाव सांगते, 'कुर्र' करते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. तुमची नोंद आधीच झाली, सासूबाईंना फोनवर कळलं, नणंदेला बहुधा त्याहूनही नंतर. ते घाईत झालं असेल, हॉस्पिटलात कुणी फॉर्म पुढे केला असेल, मला कळतं. पण 'आई, आधी विचारायला हवं होतं' एवढं एक वाक्य तुझ्या नवऱ्याने स्वतः फोन करून म्हणावं. तू नव्हे, त्याने.

बारशाला तारा हे नाव ठेवा. गुपचूप नको आणि 'त्यांच्या समाधानासाठी' असंही मनात धरून नको. आपल्या रिवाजातच बाळाला एकाहून जास्त नावं असतात. जन्मनाव वेगळं, देवाचं नाव वेगळं, व्यवहारातलं वेगळं. ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने ती नावं लिहितात. माझ्या आजीला माहेरचं एक नाव आणि लग्नात तांदळात लिहिलेलं दुसरं अशी दोन नावं होती आणि दोन्ही घरांतली माणसं तिला आपापल्या नावाने हाक मारायची. ती दोन्हींना 'ओ' द्यायची. तुझ्या मुलीचं पत्रिकेतलं अक्षर 'ता' आलं म्हणजे ती स्वातीच्या चौथ्या चरणातली, रास तूळ. स्वाती हे नक्षत्र म्हणजे एकच ठळक तारा. जन्मनाव तारा आणि व्यवहारनाव स्टेला, यात पंचांगालाही काही अडचण नाही.

ताटावर दोन्ही नावं लिहा. स्टेला मात्र देवनागरीत 'स्तेला' असं लिहा. हाच तो उच्चाराचा उपाय. मराठी तोंडाला 'स्ट' नवा आहे, म्हणून तर जुनी माणसं इस्टेशन, इस्टूल म्हणतात. पण 'स्त' आपला आहे. रामरक्षा स्तोत्र, स्तुती, स्तवन. सासूबाईंच्या तोंडी रोज संध्याकाळी दिवा लावताना स्तोत्र असेलच. त्या 'स्तोत्र' म्हणू शकतात तर 'स्तेला' म्हणायला काहीच कष्ट नाहीत. आणि लॅटिनचा मूळ 'त' दंत्यच, इटालियन माणूस आजही स्तेलाच म्हणतो. पासपोर्टवर नाव रोमन लिपीत आहे, तिथे काही फरक पडत नाही. झबल्यावर, आमंत्रणावर, पत्रिकेवर कसं लिहायचं हे तुमच्या हातात आहे. आणि एवढं करूनही त्या 'इष्टेला' म्हणाल्या तर दुरुस्त करू नकोस. तुमच्याकडचे निम्मे जर्मन तिला 'श्टेला'च म्हणणार आहेत. आजीचा उच्चार त्यांच्या फार लांब नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालाल. 'बा देवा म्हाराजा' म्हणून जो गाऱ्हाणं घालणार असेल त्याला आधीच दोन्ही नावं नीट सांगून ठेवा, आयत्या वेळी तो अडखळायला नको. मागचे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतील तेव्हा दोन्ही नावांना गावाची साक्ष झाली. घुगऱ्यांना हरभरे रात्रीच भिजत घालायचे, हे तुला सांगायला नको.

त्यानंतरचं सगळ्यात महत्त्वाचं. तारा हे नाव बारशाच्या ताटात राहू देऊ नकोस. म्युनिकला परतल्यावर दर रविवारच्या फोनवर तूच म्हण, "तारा, आजी बघ." आजी तारा म्हणेल, पाळणाघरातल्या बाई श्टेला म्हणतील, आणि पोरगी दोन्हींकडे मान वळवेल. दोन भाषांत वाढणारी मुलं याने गोंधळत नाहीत, कोण कुठल्या नावाने हाक मारतं हे त्यांना आपल्याआधी पाठ होतं. चार-पाच वर्षांनी ती विचारेल, माझी दोन नावं का? तेव्हा सांगायला तुझ्याकडे खरी गोष्ट आहे.

ज्यांच्या घरी बाळ अजून यायचं आहे आणि जे जर्मनीत आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. जन्माची नोंद आठवड्याच्या आत करायची असते, पण नाव ठरलं नसेल तर ते कळवायला महिन्याची मुदत मिळते. बाराव्या दिवशी बारसं करून, आत्याला विचारून, मग नाव कळवता येतं. आणि एकापेक्षा जास्त नावं देता येतात. मात्र तिथल्या नोंदीत वडिलांच्या नावासाठी आपल्यासारखी वेगळी जागा नाही, जे लिहाल ते मुलीचं स्वतःचं नाव धरलं जातं. ती दुसरी जागा बाबांच्या नावाला द्यायची की आजीच्या आवडीच्या नावाला, याचा आधी नीट विचार करा. मी तर आजीला देईन. तिकडे चालावं म्हणून युरोपीय नावच हवं, असंही नाही. भारतीय वंशाच्या एका कुटुंबाने मुलीचं नाव फक्त 'किरण' ठेवलं, त्यावरून मुलगा की मुलगी कळत नाही म्हणून नोंदणीत अडवलं गेलं, आणि २००८ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने त्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. तारा तर आयर्लंडपासून अमेरिकेपर्यंत मुलींचं नाव आहेच, कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. तुझी नोंद व्हायची असती तर मी 'तारा स्टेला' लिही म्हटलं असतं.

मे महिन्यात गावी असाल तेव्हा रात्री दहा-अकराच्या सुमारास खळ्यात उभे राहा. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की नारिंगी झाक असलेला एक मोठा तारा लागतो, जवळजवळ डोक्यावर. ती स्वाती. सासूबाईंच्या कडेवर पोरीला दे आणि त्यांनाच दाखवू दे.

पण सगळ्यात आधी नणंदेला फोन कर. ती मुंबईला असेल तर कोकण रेल्वेचं मे महिन्याचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि बघता बघता भरतं. कुडाळपर्यंतचं तिचं तिकीट निघालं की मग बारशाची तारीख धरा.